उसवण

फायर ब्रिगेडच्या गॅरेजवर आमची खोली.
जिन्यात डिझेलचा वास, वर ओल्या लोकरीचा.
दर गुरुवारी सहाला आम्ही सातजणी
आणि कालेव,
जो तीस वर्षं बाल्टिकच्या पाण्यावर जाळी सांधत होता
आणि ज्याच्या गाठी अजूनही
हेरिंग निसटू नये अशाच बसतात.

कापड काळं, पावणेतीन मीटर,
फेरीबोटीच्या धक्क्यावर लोक ताटकळतात
तिथल्या भिंतीसाठी.
त्यावर खसखशीची लाल फुलं, शेतातली निळी,
आणि आमच्या बेटाचा तो गुलाबी,
ज्यावरून माइमू आणि वाइके
दोन हिवाळे बोलल्या नाहीत.
हा आपला गुलाबी नव्हे, माइमू म्हणाली होती,
हा पलीकडच्या किनाऱ्याचा.

साडेआठला हेल्यू घडी घालायची.
"नेते घरी. जरा इस्त्री मारून आणते."
एकोणीस वर्षं.
उशा, पडदे, चर्चची आसनं, पाच नवरीमुलींच्या रजया,
सगळं तिच्या इस्त्रीखालून गेलं.
पुढच्या गुरुवारी कापड उलगडलं की
आमचं काम आम्हालाच आवडायचं.
वाफेची करामत, म्हणायचो.
आता हात बसला, म्हणायचो,
आणि काळ्या पावावर लोणी जरा जाडच लावायचो.

फेब्रुवारीत समुद्र गोठला, फेरी बंद पडली,
आणि हेल्यू गेली. झोपेत,
कुणाला न सांगता, तिच्या रीतीप्रमाणे.

त्या गुरुवारी कापड मी नेलं.
मी टपालाची गाडी चालवते, पण इस्त्री माझी चांगली आहे.
एक देठ वाकडा होता.
इस्त्रीनंतरही वाकडा.
पाणी शिंपडलं, पुन्हा फिरवली.
वाकडा तो वाकडाच,
फक्त आता चापून बसलेला.

मार्चमध्ये तिचा भाचा डबा घेऊन आला.
कॉफीचा, पत्र्याचा, झाकण गंजलेलं.
"हे तुमचं असावं," म्हणाला.
आत धाग्यांचे तुकडे, नखाएवढे, भुवईएवढे,
दाबून दाबून भरलेले,
तळाशी विटलेले, वर यंदाचा लाल.
आणि कालेवच्या गाठी, कात्रीने अलगद काढलेल्या,
अख्ख्या,
वाटाण्यासारख्या.

बराच वेळ कुणी बोललं नाही.
खाली कुणीतरी बंबाचं इंजिन चालू करून पाहिलं, बंद केलं.
मग कालेव हसला, खोकला येईपर्यंत.
माइमू पर्स उचलून गेली ती तीन गुरुवार फिरकली नाही.
वाइके चर्चमध्ये गुडघ्यांवर बसून
एकेक आसन उलटंसुलटं करत राहिली,
एखादी पाकळी तरी आपली सापडते का म्हणून.
पाद्र्यांना वाटलं, प्रार्थना चाललीय.

मला राग आला होता, खोटं कशाला बोलू.
एकोणीस वर्षं मी लोकांना सांगत होते,
तो कोपऱ्यातला रानगुलाब ना, तो माझा.

आता कापडावर ती जागा दिसते
जिथे हेल्यूचा हात थांबतो.
डोळे मिटून बोट फिरवलं तरी लागते.
डावीकडे एकच बाई शिवतेय,
उजवीकडे सात माणसं भांडतायत.
बेकरीतली ट्रीन म्हणाली, असंच टांगू.
आम्ही हात वर केले, मोजले. ठरलं.
माइमूचाही वर होता, कोपरापर्यंत.

काल रात्री शेवटच्या इस्त्रीला कापड माझ्याकडे.
अकरा वाजून गेलेले.
दिव्याखाली माइमूचं फूल,
तिसरी पाकळी ओढलेली,
मुठीत धरल्यासारखं भोवतालचं कापड चुरगळलेलं.
मी झोपायला गेले. परत आले.
हेल्यूला झोप येत नसणार,
एवढंच मला कळलं.

कात्री हाताशीच होती.
एक टाका.
तुकडा नखाएवढा, लाल.
कुठे ठेवावा सुचेना,
म्हणून टपालाच्या कोटाच्या खिशात टाकला
आणि खिशाचं बटण लावलं.